मातीतील सूक्ष्मजीवांच्या जनुकांची हालचाल कशी टिपायची: नवख्यांसाठी मार्गदर्शक

मातीतून डीएनए काढून कोणती जनुकं आहेत ते पाहणं आता पुष्कळ प्रयोगशाळांत रुळलं आहे. पण डीएनए फक्त क्षमता सांगतो. एक ग्रॅम मातीत अब्जावधी जीवाणू असू शकतात आणि कोणत्याही क्षणी त्यातले बहुसंख्य सुप्त असतात. मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रकारच्या माती तपासल्या होत्या. त्यात जीवाणूंच्या आणि बुरशीच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के डीएनए पेशीबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींतला निघाला. म्हणजे डीएनएच्या यादीत निजलेले, मेलेले आणि कामावर असलेले सगळे एकाच ओळीत उभे असतात.

कोण काम करतंय हे जाणायचं तर संदेशवाहक आरएनएकडे, म्हणजे एमआरएनएकडे जावं लागतं. जनुक असणं म्हणजे घरात अवजार असणं, आणि त्याचा एमआरएनए तयार होणं म्हणजे ते हातात घेणं. मात्र जीवाणूंच्या एमआरएनएचं अर्धायुष्य बहुधा काही मिनिटांचंच असतं. त्यामुळेच तो 'आत्ता काय चाललंय' हे सांगू शकतो, आणि त्यामुळेच तो हातातून निसटतो. या कामातली बहुतेक अडचण या एका गुणातून येते. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा नमुना घेण्यावर जास्त भर दिला आहे. जनुकाच्या प्रती वाढवत वाढवत मोजणारं क्यूपीसीआरचं यंत्र आठवडाभरात हाताळता येतं. माती गोठवण्याची शिस्त मात्र आधीच अंगी बाणवावी लागते, कारण तिथे गेलेली माहिती पुढच्या कुठल्याही पायरीवर परत मिळत नाही.

पायरी १: प्रश्न अरुंद करा

'माझ्या मातीत कोणती जनुकं सक्रिय आहेत?' हा प्रश्न सुरुवातीला घेऊ नका. एक प्रक्रिया निवडा आणि तिचं एखाददुसरं जनुक. अमोनियाचं नायट्राइटमध्ये रूपांतर पाहायचं असेल तर अमो-ए. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड होण्याच्या टप्प्यासाठी निर-के आणि निर-एस, आणि नायट्रस ऑक्साइडचं साध्या नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या विकरासाठी नॉस-झेड. हवेतला नत्र बांधण्यासाठी निफ-एच, मिथेन तयार होण्यासाठी एमसीआर-ए, मिथेन खाणाऱ्या जीवाणूंसाठी पीएमओ-ए, आणि सेंद्रिय स्फुरद मोकळा करणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेजसाठी फो-डी.

प्रायमर, म्हणजे हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, निवडताना दोन गोष्टींत गफलत होते. अमोनियाचं ऑक्सिडीकरण जीवाणू करतात तसे आर्कियाही (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे एकपेशी जीव) करतात. पुष्कळ मातींत आर्कियाच्या अमो-ए प्रती जीवाणूंच्या प्रतींपेक्षा जास्त असतात, हे २००६ सालीच दिसून आलं. दोघांचे प्रायमर वेगळे आहेत, त्यामुळे एकच जोडी वापरली तर अर्धं चित्र हरवतं. नॉस-झेडचंही तसंच आहे. त्याचे दोन मोठे गट आहेत आणि जुने, जास्त वापरले जाणारे प्रायमर दुसरा गट जवळजवळ पकडतच नाहीत. बरेच जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले ते याच कारणाने.

पहिला प्रयोग म्हणून मी नेहमी अमो-ए सुचवतो. अमोनिअम दिलं की प्रतिसाद अपेक्षित असतो, आणि नायट्रेट मोजून प्रक्रिया खरोखर झाली का हे स्वतंत्रपणे पडताळता येतं. असा पडताळा नसलेला आरएनए प्रयोग नवख्याने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी २: बरणीतला प्रयोग आखा

थेट जमिनीवर जाण्याआधी काचेच्या बरण्यांत हात बसवून घ्या. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. तिच्या जलधारणक्षमतेच्या साधारण ६० टक्के ओलावा राहील एवढं पाणी द्या आणि आठवडा-दहा दिवस एकाच तापमानाला तशीच ठेवा. हा काळ टाळू नका. कोरड्या मातीला पाणी मिळालं की सूक्ष्मजीव एकदम उसळतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. हा लोंढा ओसरायच्या आत प्रयोग सुरू केला तर तुम्ही अमोनिअमचा नव्हे, पाण्याचा परिणाम मोजाल.

मग निम्म्या बरण्यांना अमोनिअम सल्फेटचं द्रावण द्या. प्रत्येक ग्रॅम कोरड्या मातीमागे १०० मायक्रोग्रॅम नत्र हे सुरुवातीला चांगलं प्रमाण आहे. उरलेल्यांना तेवढंच नुसतं पाणी द्या. झाकण हवा खेळेल असं ठेवा. द्रावण देण्याआधी, मग ६ तासांनी, १, ३ आणि ७ दिवसांनी नमुने घ्या. एकदा उघडून उकरलेली बरणी पुन्हा वापरायची नाही, प्रत्येक वेळेसाठी वेगळ्या बरण्या लागतात. प्रत्येक वेळी प्रत्येक उपचाराच्या ४ बरण्या धरल्या तर सुरुवातीच्या ४ आणि नंतरच्या ३२ मिळून ३६ होतात. आकडा मोठा वाटतो, पण ४ पेक्षा कमी बरण्यांत मातीतला नैसर्गिक फरक आणि तुमचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. एकाच नमुन्याच्या ३ क्यूपीसीआर विहिरी (प्लेटमधले छोटे खळगे) म्हणजे ३ पुनरावृत्ती नव्हेत, त्या फक्त पिपेटची अचूकता सांगतात.

प्रत्येक बरणीतली थोडी माती वेगळी काढून २ मोलर पोटॅशिअम क्लोराइडमध्ये हलवा आणि त्यातलं अमोनिअम व नायट्रेट मोजा. आणखी थोडी १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून ओलावा काढा. हे दोन आकडे नसतील तर पुढे कितीही सुंदर आलेख आला तरी त्याचा अर्थ लावता येणार नाही.

पायरी ३: पहिली काही मिनिटं

माती उकरली की ऑक्सिजन आत शिरतो, तापमान बदलतं, मुळं तुटतात, बुरशीचे धागे तुटतात. पेशींना हे सगळं जाणवतं आणि त्या लगेच वेगळी जनुकं चालू करतात. जुना एमआरएनए त्याच वेळी मोडत असतो. त्यामुळे नमुना घेताना झालेला उशीर म्हणजे फक्त आरएनएची घट नसते. उरलेल्या आरएनएतली गोष्टच बदलून जाते. ऑक्सिजनविरहित थरातल्या विनायट्रीकरणाच्या, म्हणजे नायट्रेटपासून वायू बनवण्याच्या, जनुकांना याचा विशेष फटका बसतो.

म्हणून सगळी तयारी आधीच करून ठेवा. नळ्यांवर गोठणाऱ्या थंडीत न पुसणारी खूण करा आणि रिकाम्या नळ्यांचं वजन लिहून ठेवा. माती नळीत भरा, झाकण लावा, लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवा. मातीला हात लावल्यापासून नळी बुडेपर्यंतचा वेळ एका मिनिटाच्या आसपास आणता येतो. किती वेळ लागला तो प्रत्येक नमुन्यासाठी वहीत लिहा. एका नळीत २ ग्रॅमच्या आसपास माती पुरे. मोठा गोळा बाहेरून गोठतो, पण त्याचा गाभा बराच वेळ जिवंत राहतो. वजन गोठवल्यानंतर करा, आणि तेही नळी वितळू न देता.

द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि खेळती हवा यांशिवाय त्याच्याजवळ जाऊ नका. बंद गाडीत किंवा लहान खोलीत त्याची वाफ ऑक्सिजन बाहेर ढकलते आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला कळतही नाही.

दूरच्या ठिकाणी तो नेणं शक्य नसेल तर आरएनए जपणारी तयार द्रावणं मिळतात. त्यात मिठाच्या तीव्रतेने किंवा रसायनाने पेशींची यंत्रणा थांबते. मातीच्या किमान दुप्पट-तिप्पट द्रावण घालून ढेकूळ पूर्ण विरघळेपर्यंत हलवावं लागतं, कारण ढेकळाच्या आत द्रावण पोचलं नाही तर जपणूक फक्त बाहेरच्या कवचाची होते. काही मातींत हे द्रावण नंतरच्या पायऱ्यांत अडथळा आणतं. म्हणून एकाच मातीचे थोडे नमुने दोन्ही पद्धतींनी जपून आधी तुलना करा आणि मग एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा. अर्धे नमुने असे, अर्धे तसे, हे चालत नाही.

उघड्यावर नमुने घेत असाल तर दिवसातली वेळही सारखी ठेवा. झाडांच्या मुळांतून पाझरणारी साखर प्रकाशसंश्लेषणाबरोबर बदलते आणि मुळांजवळचे जीवाणू तिच्यामागे धावतात. सकाळी घेतलेली एक जागा आणि दुपारी घेतलेली दुसरी जागा यांची तुलना म्हणजे जागांची तुलना नव्हे. ओलावा, तापमान, मागचा पाऊस किंवा पाणी कधी झालं, खोली, सामू, सगळं लिहून ठेवा. गोठवलेले नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जातील आणि काढायच्या क्षणापर्यंत तिथेच राहतील.

पायरी ४: आरएनए काढणं

इथले दोन शत्रू म्हणजे आरएनए तोडणारी विकरं आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली तपकिरी ह्युमिक आम्लं.

आरएनएज नावाची ती विकरं त्वचेवर असतात, धुळीत असतात, मातीत तर असतातच. त्यातली काही इतकी चिवट की ऑटोक्लेव्हमधूनही निभावून निघतात. हातमोजे वारंवार बदला, फिल्टर असलेल्या टिपा वापरा, टेबल आणि पिपेट आरएनएज मारणाऱ्या द्रावणाने पुसा, काचेची भांडी १८० अंशांना रात्रभर भाजा. पाणी आरएनएजमुक्त म्हणून विकत मिळतं तेच घ्या.

गोठलेली माती वितळायच्या आत विघटन द्रावणात पडली पाहिजे, हा नियम मोडू नका. ०.१ मिलिमीटरच्या मण्यांबरोबर ३० ते ४५ सेकंद जोरात हलवलं की पेशी फुटतात. द्रावणात सीटॅब (एक डिटर्जंट), फॉस्फेट आणि फेनॉल-क्लोरोफॉर्म असतं. फॉस्फेट चिकणमातीवरच्या जागा अडवतं, म्हणून आरएनए तिथे चिकटून बसत नाही. जड, चिकणमातीच्या नमुन्यांतून आरएनए येतच नसेल तर आधी फॉस्फेट वाढवून पाहा. फेनॉलचा सामू ८ च्या आसपास ठेवला तर डीएनए आणि आरएनए दोन्ही पाण्याच्या थरात राहतात, आम्लधर्मी ठेवला तर डीएनए बराचसा मागे पडतो. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण एकाच चिमटीतून दोन्ही मिळाले की 'जनुक किती आणि त्याचा एमआरएनए किती' हे गुणोत्तर काढता येतं. तयार किटही चांगली आहेत, आणि नवख्याने किटनेच सुरुवात करावी. फेनॉल आणि क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडखालीच करायचं. फेनॉल त्वचा जाळतं, आणि बधिरपणामुळे ते उशिरा लक्षात येतं.

अर्क तपकिरी दिसला तर ह्युमिक आम्लं आली आहेत. ती २३० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, आणि त्यांचा पट्टा २६० पर्यंत पसरतो. म्हणून प्रकाशशोषणावरून मोजलेला आरएनए फुगलेला दिसतो. प्रमाण मोजायला आरएनएला चिकटून चमकणारा रंग वापरणारं यंत्र घ्या. २६० ला २३० चं गुणोत्तर १.८ च्या वर असलं तर उत्तम, पण मातीच्या नमुन्यांत ते खूपदा खाली असतं आणि तरी काम होतं. खरी कसोटी अर्क पातळ करून पाहण्याची, ती पुढे येते.

काढलेल्या आरएनएपैकी बहुतांश, ८० टक्क्यांहून जास्त, रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, असतो. जेलवर चालवल्यावर त्याच्या दोन मुख्य पट्ट्या, सुमारे १५०० आणि २९०० न्यूक्लिओटाइडच्या, स्पष्ट दिसल्या तर नमुना शाबूत आहे. लहान तुकड्यांचा धूसर पट्टाच दिसला तर तो नमुना पुढे नेऊ नका.

पायरी ५: उरलेला डीएनए नाहीसा करा आणि सिद्ध करा

डीएनएजने, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या विकराने, प्रक्रिया करा. मग त्याच आरएनएवर, उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनएची प्रत, म्हणजे सीडीएनए, बनवणं) न करता, सरळ पीसीआर चालवा. काही वाढलं तर तो उरलेला डीएनए आहे. मातीत एका जनुकाच्या डीएनए प्रती त्याच्या एमआरएनए प्रतींपेक्षा बऱ्याचदा कितीतरी पटींनी जास्त असतात. म्हणून १ टक्का डीएनए उरला तरी तो संपूर्ण निकाल गिळून टाकू शकतो. हा कंट्रोल एखाद्या नमुन्यावर नव्हे, प्रत्येक नमुन्यावर चालवा. गरज पडली तर डीएनएज दुसऱ्यांदा करा.

पायरी ६: सीडीएनए आणि क्यूपीसीआर

जीवाणूंच्या एमआरएनएला आपल्या पेशींसारखी लांब ए-शेपटी नसते, त्यामुळे त्या शेपटीला चिकटणारे ऑलिगो-डीटी प्रायमर इथे निरुपयोगी. यादृच्छिक हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) घेतले तर एकाच सीडीएनएवर अनेक जनुकं मोजता येतात. दुर्मीळ संदेशासाठी त्या जनुकाचा स्वतःचा प्रायमर जास्त संवेदनशील ठरतो.

क्यूपीसीआरला प्रमाणवक्र लागतो. हवं ते जनुक बसवलेलं, ज्ञात प्रतींचं प्लास्मिड (छोटा गोल डीएनए) दहापटीने पातळ करत १०० पासून १० कोटी प्रतींपर्यंत लावा. वक्राचा उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के. उणे ३.६ ते उणे ३.१ या पट्ट्यात, म्हणजे ९० ते ११० टक्क्यांत असाल तर पुढे जा. माती, आरएनए आणि सीडीएनए यांपैकी काहीच नसलेली विहीर प्रत्येक प्लेटवर हवी. शेवटी वितळण्याचा वक्र पाहा. एकाऐवजी दोन शिखरं असतील तर काहीतरी नको ते वाढलं आहे. अशा मोजणीत काय काय नोंदवायचं याची एमआयक्यूई नावाची नियमावली २००९ साली आली. ती समोर ठेवूनच वही आखा.

आता पातळ करण्याची कसोटी. तोच सीडीएनए तसाच आणि दहापट पातळ करून चालवा. अडथळा नसेल तर सीटी, म्हणजे चमक ठरावीक पातळी ओलांडते तो चक्राचा आकडा, सुमारे ३.३ ने वाढेल. फक्त १.५ ने वाढला, किंवा कमीच झाला, तर ह्युमिक आम्लं पॉलिमरेजला, म्हणजे प्रती बनवणाऱ्या विकराला, रोखत आहेत. पातळ करा, गोवंशीय अल्ब्युमिन हे प्रथिन घाला, किंवा अर्क पुन्हा स्वच्छ करा.

पायरी ७: आकडा मातीच्या भाषेत आणा

एका जातीच्या जीवाणूवर काम करणारे एखादं कायम चालू असणारं जनुक संदर्भ म्हणून घेतात. मातीत हजारो जाती असतात, त्यामुळे सगळ्यांत सारखं चालणारं असं जनुक मिळत नाही. १६-एस रायबोसोमल आरएनएने भागणंही धोक्याचं आहे, कारण सुप्त पेशीतही रायबोसोम साठून असू शकतात. त्यापेक्षा बाहेरचा संदर्भ द्या. मातीत नसलेल्या जनुकाचा, उदाहरणार्थ काजव्याच्या ल्युसिफरेजचा, परीक्षानळीत बनवलेला आरएनए ज्ञात प्रमाणात विघटन द्रावणातच घाला. शेवटी त्यातला किती परत मिळाला ते पाहा.

समजा २ ग्रॅम ओली माती घेतली आणि ओलावा कोरड्या वजनाच्या २० टक्के आहे. कोरडी माती झाली १.६७ ग्रॅम. आरएनए ५० मायक्रोलिटरमध्ये मिळाला, त्यातले १० मायक्रोलिटर २० मायक्रोलिटरच्या उलट प्रतिलेखनात गेले, आणि त्यातल्या २ मायक्रोलिटरमध्ये ५०० प्रती मोजल्या. सगळ्या सीडीएनएत ५,०००, सगळ्या आरएनएत २५,०००, म्हणजे प्रति ग्रॅम कोरड्या मातीत सुमारे १५,०००. बाहेरून घातलेल्या १ कोटी प्रतींपैकी १० लाखच परत आल्या असतील तर वसुली १० टक्के, म्हणून खरा आकडा दीड लाखाच्या घरात. वसुली नमुन्यागणिक बदलते, विशेषतः वाळूची आणि चिकणमातीची तुलना करताना. ती न मोजता काढलेला 'फरक' बऱ्याचदा मातीच्या चिकटपणाचा असतो. संख्याशास्त्राआधी आकड्यांचा लॉग घ्या, कारण या मोजणीतलं विखुरणं पटींत असतं.

निकाल वाचताना

अमोनिअम दिलेल्या बरण्यांत जीवाणूंचा अमो-ए एमआरएनए वाढला, आर्कियाचा फारसा हलला नाही आणि नायट्रेट चढत गेलं, तर गोष्ट जुळते. भरपूर अमोनिअममध्ये जीवाणू पुढे सरसावतात, आर्किया कमी अमोनिअममध्ये निभावतात, हे अनेक मातींत दिसलं आहे.

जुळलं नाही तर घाईने प्रयोग फसला म्हणू नका. एमआरएनए मिनिटांत मोडतो, पण त्यापासून बनलेलं विकर तास-दिवस टिकतं. मातीच्या कणांना चिकटलेली काही विकरं त्याहूनही जास्त. संदेश ओसरून गेल्यावरही काम चालू असू शकतं. याच्या उलटही घडतं. आम्लधर्मी मातीत नॉस-झेडचा एमआरएनए भरपूर सापडतो, तरी नायट्रस ऑक्साइड तसाच बाहेर पडत राहतो, कारण कमी सामूला ते विकर नीट घडतच नाही. एमआरएनएवरून तिथे वायू घटेल असं भाकीत केलं असतं तर ते साफ चुकलं असतं. म्हणून निष्कर्ष लिहिताना 'जनुकाचं प्रतिलेखन वाढलं' एवढंच लिहा. 'प्रक्रिया वाढली' हे वाक्य नायट्रेट किंवा वायूच्या मोजणीनेच कमवावं लागतं.

पुढची उडी: संपूर्ण एमआरएनएचं वाचन

एकेक जनुक सोडून सगळा एमआरएनए वाचायचा तर मेटाट्रान्स्क्रिप्टोमिक्स. त्याआधी रायबोसोमल आरएनए वेगळा काढावा लागतो, नाहीतर खर्चाचा बहुतांश भाग त्याच्यावरच जातो. तरी उरलेला रायबोसोमल भाग सॉर्टमीआरएनएसारख्या साधनाने गाळता येतो, आणि 'कोण आहे' हे सांगायला तो उपयोगीही पडतो. उरलेले तुकडे डायमंड या संगणक-साधनाने प्रथिनांच्या संग्रहाशी जुळवा, आणि तुलना डीईसेक-२ सारख्या संख्याशास्त्रीय पद्धतीने करा. एक सापळा इथे नेहमी असतो. ही मोजणी वाट्याची असते, प्रमाणाची नव्हे. पाणी मिळाल्यावर सगळ्याच जनुकांचा एमआरएनए पाचपट झाला तर प्रत्येकाचा वाटा तोच राहील आणि आलेख 'काहीच बदललं नाही' म्हणेल. बाहेरून घातलेला ज्ञात आरएनए इथेही लागतो, आणि तो आरएनए काढतानाच, विघटन द्रावणात, घातलेला असला पाहिजे.

क्यूपीसीआरमध्ये ज्या नमुन्यांचे कंट्रोल स्वच्छ निघाले त्यांचाच उरलेला आरएनए वाचनाला पाठवा. तो सुरुवातीलाच लहान वाट्यांत विभागून उणे ८० ला ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही. वाचलेली कच्ची माहिती सार्वजनिक संग्रहात देताना सामू, ओलावा, खोली, तापमान यांच्याबरोबर माती उकरल्यापासून गोठेपर्यंत गेलेले सेकंदही नोंदवा.